तिरप्या अक्षराची कुळकथा

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या, दक्षिणकाशी म्हणून खानदेशात मान्यता पावलेल्या प्रकाशा या क्षेत्राहून, जिथे काशीची यात्रा करून आलेला भाविकही केदारेश्वराचे दर्शन घेतल्याखेरीज आपली यात्रा सफळ झाली असे मानीत नाही, मला गेल्या मोसमात एक लग्नपत्रिका आली. कागद जाड, कडेला सोनेरी वेलबुट्टी, माथ्यावर गजानन, आणि त्याखाली वधूवरांच्या नावांपासून निमंत्रकांच्या यादीपर्यंत सगळा मजकूर तिरप्या अक्षरांत. ज्याने ती जुळविली त्याने शोभेसाठी सबंध मजकूर निवडून संगणकाची एक कळ दाबली असावी, यापलीकडे त्या तिरपेपणाला दुसरे कारण दिसत नव्हते. मुहूर्त स्पष्ट होता, शुद्धलेखनही बरे होते; तरीही वाचताना डोळ्याला काहीतरी टोचत राहिले, आणि ते काय हे गावाच्या नावापाशी येईपर्यंत उमगले नाही.

‘प्रकाशा’ या शब्दात उभ्या दांड्या पाच: ‘प’ची एक, ‘क’च्या मधली एक, त्याच्या कान्याची एक, ‘श’ची एक आणि शेवटच्या कान्याची एक. सरळ टंकात या पाचही दांड्या एकाच शिरोरेघेला ओळंब्यासारख्या टांगलेल्या असतात. पत्रिकेत त्या पाचही उजवीकडे कलल्या होत्या आणि शिरोरेघ मात्र पूर्वीसारखीच आडवी होती; जणू आढे जागच्या जागी असताना घराचे खांब तेवढे कलावेत. ‘प्र’मधील रकाराची रेघ मुळातच तिरपी, दांडी तिच्या बाजूला झुकल्यामुळे दोघींमधला कोन आक्रसला होता. खालच्या ओळीत ‘कार्य सिद्धीस नेण्यास’ या शब्दांतील रफार आणि वेलांट्या आपापल्या अक्षरांच्या डोक्यावरून उजवीकडे सरकून शेजाऱ्याच्या अंगणात डोकावीत होत्या. अक्षरे धावत नव्हती, नुसती कलंडली होती. धावणे आणि कलंडणे यांत जो भेद आहे, तोच इटालिक या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या मुद्राक्षराचा सारा इतिहास आहे.

इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्याला हे तिरपे अक्षर इतके परिचयाचे असते की ते सरळ रोमन अक्षराचेच कललेले रूप असावे असा त्याचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. इटालिकचा जन्म सरळ अक्षर वाकवून झाला नाही, तर लगबगीने लिहिणाऱ्या एका हाताचे वळण शिशात ओतून झाला. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्स नगरीत निक्कोलो निक्कोली नावाचा एक ग्रंथवेडा गृहस्थ होता. प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या नकला स्वहस्ते करण्याच्या व्यासंगात त्याने एक जलद, अरुंद, किंचित उजवीकडे झुकणारे वळण सिद्ध केले. पुढे याच घराण्यातले अक्षर पोपच्या दफ्तरखान्यात रूढ झाले, आणि फर्माने व पत्रे लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाती ते इतके मुरले की त्याला ‘कांचेल्लारेस्का’, म्हणजे सरळ मराठीत सांगावयाचे तर ‘दफ्तरी अक्षर’, असेच नाव पडले. आपण ज्याला इटालिक म्हणतो त्याला इटलीतले लोक मात्र ‘कोर्सीव्हो’, म्हणजे धावते, म्हणतात. त्याच्या तिरपेपणाला कोणी नाव दिले नाही. नाव दिले ते त्याच्या वेगाला.

या धावत्या हाताला छापखान्यात आणण्याचे श्रेय व्हेनिसचा विद्वान मुद्रक आल्दुस मानुतियुस आणि त्याच्यासाठी ठसे कोरणारा फ्रांचेस्को ग्रिफो या दोघांचे. इ. स. १५०० मध्ये छापलेल्या संत कॅथरीनच्या पत्रसंग्रहात एका चित्रातले मोजके शब्द या नव्या अक्षरात प्रथम झळकले, आणि १५०१ मध्ये व्हर्जिलच्या काव्याची संपूर्ण आवृत्ती त्याच अक्षरात, हातात मावेल अशा लहान आकारात प्रसिद्ध झाली. तोपर्यंत पंडिताचा ग्रंथ म्हणजे मेजावर ठेवून वाचावयाची वस्तू होती. आल्दुसने ती प्रवासात, बागेत, दरबारातून घरी परतताना बरोबर बाळगण्याजोगी केली. त्या पुस्तकांत आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटावी अशी एक गोष्ट आहे: लहान अक्षरे तिरपी आणि मोठी अक्षरे मात्र सरळ, ठेंगणी. मोठी अक्षरे तिरपी करण्याची चाल सोळाव्या शतकात मागाहून रूढ झाली.

आल्दुसने व्हेनिसच्या राज्यसभेकडून या अक्षराच्या वापराची सनदही मिळविली होती. पण सनदेची हद्द आल्प्स पर्वतापर्यंत. फ्रान्समधील लियों शहरच्या मुद्रकांनी त्याच्या आवृत्त्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आणल्या, तेव्हा १५०३ मध्ये त्याने एक जाहीर इशारा छापून त्या नकलांतील चुकांची यादीच दिली. आणि असे सांगतात की त्या यादीचा उपयोग करून नकलाकारांनी आपल्या चुका तेवढ्या सुधारून घेतल्या. ग्रिफोच्या वाट्याला त्याहून वाईट आले. अक्षर त्याच्या हातचे आणि कीर्ती धन्याची, अशा तक्रारीतून तो आल्दुसला सोडून दुसऱ्या मुद्रकाकडे गेला.

आता या अक्षराची घडण जवळून पाहू. रोमन सरळ टंकात प्रत्येक उभ्या रेघेच्या टोकाला एक बारीक आडवा फाटा असतो. त्याला सेरिफ म्हणतात. शिलालेखातल्या अक्षराप्रमाणे तो रेघेला वर व खाली भक्कम बैठक देतो. इटालिकमध्ये ही बैठक उठते. रेघेच्या आरंभी लेखणी कागदावर टेकतानाची एक हलकी तिरपी खूण आणि अंती ती पुढच्या अक्षराकडे वळतानाची एक निसटती शेपटी, एवढेच सेरिफचे अवशेष उरतात. लहान ‘ए’ हे अक्षर सरळ टंकात दुमजली असते. इटालिकमध्ये त्याचा वरचा मजला जातो आणि नुसते एक लांबट पोट व दांडी राहते. ‘एफ’ची दांडी ओळीखाली उतरून वळते. सगळ्याच अक्षरांची रुंदी आक्रसते, कमानी दांडीच्या तळापासून फुटून वर चढतात, आणि या सर्वांच्या जोडीला येतो तो उजवीकडचा कल, बहुधा पाच ते वीस अंशांच्या दरम्यानचा. म्हणजे कल हा या अक्षराचा सर्वांत दर्शनी पण सर्वांत गौण गुण आहे. घाईने चालणाऱ्या माणसाचे अंग पुढे झुकते, हे खरे. पण अंग पुढे झुकविले म्हणून कोणी चालू लागत नाही.

ही गोष्ट तज्ज्ञांनाही एकदा अनुभवाने शिकावी लागली. इंग्लंडमधील मुद्रणपंडित स्टॅन्ली मॉरिसन याने १९२६ मध्ये एक निबंध लिहून असे प्रतिपादिले की सरळ अक्षराचा खरा जोडीदार म्हणजे त्याचेच नुसते कललेले रूप. हस्ताक्षराचे लाड पुस्तकात कशाला? पुढे एरिक गिलच्या ‘पर्पेच्युआ’ या टंकासाठी हा सिद्धान्त प्रत्यक्षात उतरविताना असे दिसून आले की कल थोडा ठेवला तर तो जाणवत नाही, आणि वाढवला तर अक्षर आपण होऊन धावत्या वळणाची मागणी करू लागते. अखेर तडजोड झाली. ‘द टाइम्स’ या पत्राने ३ ऑक्टोबर १९३२ पासून ज्या टंकात छपाई सुरू केली, आणि जो पुढे जगातील कचेऱ्यांचा जणू सरकारी पोशाख बनला, त्या टाइम्स न्यू रोमनच्या इटालिकमध्ये तर मॉरिसनच्या सिद्धान्ताचा मागमूसही उरला नाही. ते पुरते धावते आहे.

आरंभी सबंध पुस्तके इटालिकमध्ये छापली जात. परंतु पुढील शतकादीड शतकात त्याचा दर्जा बदलला आणि ते रोमन अक्षराचे सहचर झाले. स्वतंत्र संसार मोडून जोडीदार झाल्यावरच त्याला खरी कामगिरी मिळाली. ग्रंथांची व नियतकालिकांची नावे, जहाजांची नावे, परभाषेतील शब्द, नाटकातील रंगसूचना, बोलण्यात ज्या शब्दावर जोर पडतो तो शब्द, ही सारी त्याच्या अखत्यारीत आली. बीजगणितात अज्ञात राशीचे अक्षर तिरपे आणि ‘साइन’, ‘लॉग’ यांसारख्या ठरीव क्रियांची नावे सरळ, असा संकेत रूढ झाला, आणि त्यामुळे सूत्रातले कोणते चिन्ह बदलते व कोणते बदलत नाही हे नजरेच्या एका फेकीत कळू लागले. वनस्पतींची व प्राण्यांची द्विनाम शास्त्रीय नावेही याच अक्षरात छापतात. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे. तिच्यासंबंधीचे कृषिविषयक मराठी पत्रक उघडले तर देवनागरी मजकुराच्या मध्येच ‘कॅप्सिकम ॲन्युअम’ हे नाव रोमन लिपीत तिरपे बसलेले आढळते, आणि त्यातही प्रजातीचे पहिले अक्षर मोठे व जातीचे लहान हा दंडक पाळलेला असतो. आणखी एक मौज अशी की सबंध परिच्छेदच तिरपा असेल तर त्यातला जोराचा शब्द उलट सरळ छापतात. अर्थ आला तो तिरपेपणातून नव्हे, भेदातून.

येथवर कथा परक्यांची झाली. पण ती सांगताना ‘दफ्तरी धावते अक्षर’ हे शब्द जिभेवर येताच मराठी वाचकाच्या मनात दुसरेच एक चित्र उभे राहिले असेल, आणि ते यथार्थ आहे. ग्रंथासाठी बाळबोध आणि दफ्तरासाठी मोडी अशी दोन अक्षरांची जोडी आपल्याकडे शतकानुशतके नांदत होती. मोडीचे जनकत्व परंपरा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याला देते. त्याचे अधिकारपदच मुळी दफ्तराच्या प्रमुखाचे होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे. चिटणिसाने कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ आधी एका दमात ओढावी आणि मग बोरू शक्य तो न उचलता तिच्याखाली अक्षरे विणीत जावे, ऱ्हस्वदीर्घाची चिकित्सा करू नये, शब्दाशब्दांत अंतर सोडू नये, ही मोडीची रीत. मोडी अक्षर उजवीकडे झुकतेच असे नाही. तिचा वेग कलण्यात नसून वळण्यात आहे. पण ज्या गरजेतून पोपच्या दफ्तरखान्यात कोर्सीव्हो घडली, त्याच गरजेतून, त्याच जातीच्या कारकुनी बोटांनी, रोजकीर्द आणि खतावणी, सनदा आणि महजर लिहिता लिहिता मोडी घडली. मराठीचे इटालिक जर कोणते असेल, तर ते हेच.

मग व्हेनिसमध्ये जे झाले ते येथे का झाले नाही? मोडीचे ठसे पडलेच नाहीत असे नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात विल्यम कॅरीने १८१० मध्ये छापलेला मराठी कोश मोडी ठशांत होता. परंतु महाराष्ट्रात छपाईने बाळसे धरले ते बाळबोधीच्या आधाराने. १८३१ मध्ये मुंबईस गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते शिळाछापावर, आणि शिळाछापाला हस्ताक्षर चालते. तरी धर्मग्रंथांचे व पोथ्यांचे अक्षर तेथेही बाळबोधच राहिले. पुढे १८६९ मध्ये जावजी दादाजी चौधरी यांनी निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराने कोरलेल्या ठशांनी देवनागरी मुद्राक्षराला जे सौष्ठव दिले, ते सारे पोथीच्या ठाशीव, स्थिर अक्षराचे सौष्ठव होते. दफ्तराचे अक्षर छापखान्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. त्याची सर्वांत बोलकी साक्ष आमच्या खानदेशानेच द्यावी: इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली, आणि १९२६ मध्ये धुळ्यास देह ठेवला. त्यांच्या मागे तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या खंडांतील बहुतेक कागद मुळात मोडी. छापले गेले ते मात्र बाळबोधीत. जे घाईत लिहिले गेले होते ते छापताना शांत, सुटे आणि सोवळे झाले, आणि लिहिणाऱ्याच्या हाताचा वेग मूळ रुमालातच बांधलेला राहिला.

यात केवळ अनास्था नव्हती. व्यवहाराचेही कारण होते. रोमन जुळाऱ्याला शंभर-सव्वाशे घरांत आपला संसार मांडता येतो, तर देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे मिळून शेकडो खिळ्यांच्या केसा असत. त्यांच्या जोडीला तेवढीच दुसरी तिरपी मंडळी पोसण्याची ऐपत कोणत्या छापखान्याची होती? शिवाय अक्षर तिरपे केले की त्याचा माथा खिळ्याच्या अंगाबाहेर जातो, आणि बाहेर गेलेले शिसे दाबाखाली तुटते. रोमन इटालिकमध्ये ही भीती ‘एफ’सारख्या एखाददुसऱ्या अक्षराला, देवनागरीत प्रत्येक वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार या संकटात सापडावयाचा. म्हणून मराठी मुद्रकाने ठळक टंक आणि एकेरी अवतरणचिन्ह यांवर भागविले. जर्मनांच्या जुन्या फ्राक्टूर लिपीलाही इटालिक नव्हते; ते जोर देण्यासाठी शब्दाची अक्षरे विरळ मांडीत. आपल्याला तेही शक्य नव्हते, कारण अक्षरे विरळ केली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो.

याहूनही खोल कारण बोरूच्या टोकात आहे. रोमन लिहिणाऱ्याची रुंद टोकाची लेखणी आणि देवनागरी लिहिणाऱ्याचा बोरू यांचे टोक परस्परविरुद्ध दिशांना तिरके कापलेले असते. त्यामुळे वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी रेघ रोमन लेखणीने बारीक उमटते, तर देवनागरी बोरूने तीच सर्वांत जाड उमटते. आता उभी दांडी उजवीकडे झुकवा: ती नेमकी याच दिशेची रेघ होते. रोमन अक्षर झुकले की लेखणीच्या धर्माने सडपातळ होते, हलके होते. देवनागरी अक्षर झुकले तर बोरूच्या धर्माने ते स्थूल व्हावयास हवे. यंत्र हे जाणत नाही. ते दांड्या तेवढ्या ढकलते, आणि डोळा, ज्याने शाळेच्या पाटीपासून बोरूचा धर्म नकळत आत्मसात केलेला असतो, कुरकुरतो. पत्रिका वाचताना मला जे टोचत होते ते हेच.

एक प्रश्न मात्र उरतो: शतकभर आपले ग्रंथ इटालिकवाचून चालले, ते मराठी वाचकाला अडले कसे नाही? माझ्या मते याचे उत्तर छापखान्यात नसून व्याकरणात आहे. इंग्रजी वाक्यात ‘हे मी केले’ आणि ‘हे मीच केले’ यांतला भेद कागदावर दाखवावयाचा तर बहुधा ‘मी’ तिरपा छापावा लागतो, कारण तो भेद बोलणाऱ्याच्या आवाजात असतो. मराठीने तो आवाज ‘च’ या एका अक्षरात बांधून ठेवला आहे. ‘तू येशील’, ‘तूच येशील’, ‘तूही येशील’, ‘तू तर येशील’: चार अर्थ झाले आणि एकही अक्षर वाकले नाही. शब्दांची जागा बदलूनही आपण जोर बदलतो; ‘आंबा मी खाल्ला’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांतला फरक जुळाऱ्याला कळण्याची गरज पडत नाही. इटालिकच्या अखत्यारीतील सर्वांत मोठे काम भाषेने परस्पर उरकल्यामुळे उरली ती ग्रंथनामे आणि परकीय शब्द. त्यांना अवतरणचिन्ह पुरले.

म्हणून आता, जेव्हा खिळ्यांची अडचण संपली आहे आणि संगणकात हजारो अक्षररूपे सुखाने राहू शकतात, तेव्हाही देवनागरी टंकांपैकी पुष्कळांना स्वतंत्र तिरपे रूप नाही, यात नवल नाही. कवी आणि अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक घरोघरच्या संगणकांत पोहोचला. त्यालाही ते नाही. कळ दाबली की दिसते ते त्या टंकाचे रूप नव्हे, यंत्राने दिलेला धक्का होय. देवनागरीला खरे सहचर अक्षर द्यावयाचे झाल्यास अंश मोजून भागणार नाही. मोडीचे रुमाल सोडून बसावे लागेल, आणि कोणती वळणे बाळबोधीच्या शेजारी अपरिचित न वाटता नांदतील याची निवड करावी लागेल. आल्दुसच्या ग्रिफोने दफ्तरी अक्षराच्या बाबतीत नेमके हेच केले होते.

ती लग्नपत्रिका मी अजून ठेवली आहे, आणि ती त्या छापील मजकुरासाठी नव्हे. तिच्या तळाशी, निमंत्रकांच्या नावांखाली उरलेल्या बोटभर कोऱ्या जागेत, वधूच्या आजोबांनी निळ्या शाईने एक ओळ लिहिली आहे: ‘सहकुटुंब जरूर येणे’. शेदीडशे पत्रिका समोर असताना घाईत लिहिलेली ती ओळ. शिरोरेघ त्यांनी शब्दागणिक न देता कडेपासून कडेपर्यंत आधीच एका फराट्यात ओढलेली दिसते. ‘जरूर’मधला पहिला ‘र’ आपल्या ऊकारासह दुसऱ्या ‘र’च्या गळ्यात जाऊन पडला आहे, आणि ‘येणे’च्या दोन्ही मात्रा एकाच झटक्यात सुटल्या आहेत. दांड्या थोड्या उजवीकडे झुकल्या आहेत, पण कोणाच्या डोक्यावरून काही घसरलेले नाही.